थट्टेचें नातें

सोनारीस पहिल्यानेंच येणारा मनुष्य आधीं देव पाहत नाहीं, माकडें पाहतो. परंडा तालुक्यांतील आमच्या या गांवीं काळभैरवनाथाचें जुनें देवालय आहे. आणि त्या देवालयाच्या भिंतींवर, पायऱ्यांवर, इतकेंच काय पण भक्तांच्या खांद्यांवरहि अंमल चालतो तो माकडांचा. प्रसाद देवापुढें ठेवावा, तर त्यांतील पहिला वांटा त्यांचा. कोणी तो दिला नाहीं, तर तीं तो स्वतः घेतात, आणि त्याबद्दल गांवांत कोणाची तक्रार नसते. देवाच्या दाराशीं राहणारांचा तो हक्कच आहे, असें आम्ही सोनारीकर समजतों.

२०१९ सालच्या चैत्रांत, यात्रेच्या दिवसांत, आमचे एक जुने स्नेही या पायऱ्यांवर आमच्या शेजारीं बसले होते. ते आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांतील झांबिया देशचे राहणारे. जातीनें म्हणणें तेथें चालणार नाहीं, तेव्हां जमातीनें, अंगोनी. नातू पुण्यास शिकावयास होता. त्याला भेटण्याच्या निमित्तानें ते इकडे आले आणि चाळीस वर्षें साठून राहिलेलें आमचें आमंत्रण त्यांनीं एकदाचें वसूल केलें. त्यांच्या हातांत एक केळें होतें. तें सोलून तोंडाशीं नेतात न नेतात तोंच एक पोक्त माकड आलें, कसलीहि घाई न करतां तें केळें त्यानें त्यांच्या हातांतून काढून घेतलें, आणि चार पायऱ्या वर जाऊन त्यांच्या समोरच खावयास बसलें. स्नेही क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग गंभीरपणें म्हणाले, "माझा बेम्बा भाऊ बरोबर आला असता, तर संध्याकाळपर्यंत तुमच्या देवाचे निम्मे सेवक कमी झाले असते!"

आमचें कुटुंब तोंडास पदर लावून हंसूं लागलें. आम्हीहि हंसलों. शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्यानें "काय म्हनलं पाव्हणं?" असें विचारलें, तेव्हां "माकडं लई धीट हायती म्हनत्यात" असें कांहीं तरी सांगून आम्हीं वेळ मारून नेली. खरा अर्थ भैरवनाथाच्या पायरीवर बसून सांगण्याजोगा नव्हता. आणि तो सांगावयाचा, तर आधीं पुष्कळच सांगावें लागलें असतें.

१९७८ सालीं आम्ही बार्शीच्या एका शाळेंत गणित शिकवीत होतों. झांबियाचें सरकार त्या काळीं हिंदुस्थानांतून शिक्षक नेत असे. आम्हीं अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि ज्यानें सोलापूरच्या पलीकडचें जग फारसें पाहिलें नव्हतें असा हा मनुष्य कुटुंबासह चिपाटा येथें जाऊन पोंचला. चिपाटा हें मलावीच्या सरहद्दीलगतचें गांव; इंग्रजी अमदानींत त्याचें नांव फोर्ट जेमसन असें होतें. तेथें आम्हीं नऊ वर्षें काढलीं.

देश महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. आणि वस्ती, १९८० सालच्या शिरगणतीप्रमाणें, अवघी ५७ लक्षांच्या आंतबाहेर. एवढ्याशा माणसांत जमाती मात्र ७३, असें तेथील लोक स्वतःच कौतुकानें सांगतात. १९६४ सालीं स्वतंत्र झालेल्या या राष्ट्रानें आपल्या राजचिन्हावर 'एक झांबिया, एक राष्ट्र' अशा अर्थाचें वाक्य घातलें, कारभाराची भाषा इंग्रजी ठेवली, आणि बेम्बा, न्यांजा, टोंगा, लोझी, कावोंडे, लुवाले व लुंडा या सात भाषांना शाळेंत व नभोवाणीवर स्थान दिलें. या नांवांस वाचकांनीं कंटाळूं नये. एके काळीं आम्हीं तीं मोठ्या अभिमानानें पाठ केलीं होतीं, आणि तोच अभिमान पुढें आमच्या अंगाशीं आला.

आपल्याकडे एखाद्याची जात काढावयाची असली म्हणजे आडनांव विचारतात. आडनांवावरून उमज पडला नाहीं तर मूळ गांव विचारतात. आणि तेवढ्यानेंहि न भागल्यास कुलदैवत. चिपाट्यास असा वळसा नव्हता. शाळेच्या पहिल्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत आम्ही खुर्ची ओढतों न ओढतों तोंच इतिहासाच्या शिक्षकांनीं, म्हणजे याच आमच्या स्नेह्यांनीं, विचारलें, "तुमची जमात कोणती?" आम्ही गोंधळलों आणि "मराठी" म्हणून मोकळे झालों. त्यांचा दुसरा प्रश्न तयारच होता: "आणि तुमचे थट्टेचे भाऊ कोण?"

हा प्रश्न आम्हांस मुळींच कळला नाहीं. तो कळावयास त्या लोकांच्या मागील इतिहासांत थोडें शिरावें लागतें. अंगोनींचे पूर्वज मूळचे अगदीं दक्षिणेकडील, झुलूंचे भाऊबंद. झुलू राज्याच्या उदयकाळीं जी धुमाळी उडाली, तींत ते झ्वांगेंडाबा नांवाच्या सेनानायकामागून उत्तरेस निघाले, आणि १८३५ सालच्या नोव्हेंबरांत, सूर्यग्रहणाच्या दिवशीं, त्यांनीं झांबेझी नदी ओलांडली, अशी त्यांची परंपरा आहे. वाटेंत लागेल तें गांव लुटावें, तरण्या पोरांस सैन्यांत ओढावें, बायका कराव्या आणि पुढें चालावें, असा तो कित्येक वर्षांचा प्रवास. उत्तरेस त्यांची गांठ बेम्बांशीं पडली. बेम्बाहि कांहीं कमी नव्हते. लढाया झाल्या, रक्त सांडलें. पुढें इंग्रजी अमलांत तांब्याच्या खाणी निघाल्या, आणि ज्यांच्या आजांनीं एकमेकांचे गळे कापले होते ते नातू एकाच चाळींत राहूं लागले, एकाच भुयारांत उतरूं लागले. तेव्हां त्या जुन्या वैराचें काय करावयाचें? त्यांनीं त्याची थट्टा करून टाकली. बेम्बानें अंगोनीस 'उंदीरखाऊ' म्हणावें, अंगोनीनें बेम्बास 'माकडखाऊ' म्हणावें. रस्त्यांत भेट झाली तर 'माझा गुलाम कुठें निघाला?' असें दोघांनींहि एकदमच विचारावें. या नात्यांत काय वाटेल तें बोलण्याची मुभा आहे; फक्त रागावण्याची नाहीं. पूर्वेकडचे लोक शेतांतले उंदीर खरोखरच आवडीनें खातात. एकदां आम्हांलाहि आग्रह झाला होता. त्या प्रसंगाचें वर्णन करण्याचा अधिकार आमच्या कुटुंबाचा आहे, व तो तें सोनारीच्या बायकांत अजून बजावीत असतें.

विद्वानांचें या गोष्टीकडे लक्ष गेलें नाहीं असें नाहीं. क्लाइड मिचेल या समाजशास्त्रज्ञानें १९५६ सालीं तांब्याच्या खाणींवरील 'कालेला' नांवाच्या नाचावर एक प्रबंध लिहिला. रविवारीं एका जमातीचे तरुण नटूनथटून नाचत आणि गाण्यांतून इतर जमातींची टर उडवीत; ज्यांची टर उडे तेच लोक भोंवतीं दाटी करून हंसत. आम्हांला मात्र हें प्रकरण प्रबंधांतून समजलें नाहीं. तें समजलें एका मर्तिकाच्या दिवशीं.

आमच्या शाळेंतील एक वृद्ध अंगोनी शिक्षक वारले. मोठा करारी व प्रेमळ मनुष्य. सारी शाळा हळहळली. घरीं बायकांचा आकांत चालला होता. इतक्यांत शाळेंतील एक बेम्बा शिक्षक अंगणांत आले. डोक्यावर मृताचीच जुनी टोपी, हातांत त्याचीच काठी. ते मृताप्रमाणें पाय ओढीत चालूं लागले, त्याच्याच घोगऱ्या आवाजांत पोरांस रागें भरूं लागले, आणि मधेंच रडून म्हणाले, "आतां या मुलखांतले उंदीर कोण संपविणार रे!" आमच्या अंगावर शहारा आला. आतां मारामारी होणार असें वाटून आम्ही कुटुंबास घेऊन एका बाजूस सरलों. पण मृताची विधवा, जी सकाळपासून कोणाशीं एक शब्द बोलली नव्हती, ती रडतां रडतां हंसली. स्मशानांत तर हद्द झाली. प्रेत खालीं उतरविण्यापूर्वीं हे गृहस्थ खड्ड्यांत उतरून आडवे झाले. "जागा ऐसपैस आहे. हा मेलेला माझें पांच क्वाचा देणें लागतो. ते मिळाल्यावांचून मी उठत नाहीं." भावांनीं खिसे चांचपले, पैसे दिले, तेव्हां स्वारी वर आली, आणि मग माती ओढावयास फावडें पहिल्यानें हातीं घेतलें तें त्यांनींच. पुढचे तीन दिवस त्या घरचें पाणी, लांकूडफांटा, पाहुण्यांची उठबस, सारें बेम्बांनींच पाहिलें. सख्ख्या भाऊबंदांनीं फक्त रडावयाचें होतें.

परततांना आम्हीं स्नेह्यांजवळ आश्चर्य व्यक्त केलें. ते म्हणाले, "शत्रूच्या मुलानें आमच्या घरच्या मेलेल्या माणसाची नक्कल करावी आणि आम्हीं ती पाहून हंसावें, यापेक्षां लढाई संपल्याची दुसरी खूण कोणती?" नंतर त्यांनीं विचारलें, "तुमच्याकडे असें कांहीं असेलच." आम्हीं म्हटलें, असेलच काय, आहेच. व्याह्यांची थट्टा सांगितली, मेहुण्याची सांगितली. ते म्हणाले, हें घरांतलें झालें, जमातीजमातींचें सांगा. तेव्हां आम्हांस आपल्याकडील जातींवरच्या म्हणी आठवल्या. अमकी जात कशी कवडीचुंबक, तमकी कशी घाबरट, कोणाच्या हातीं काय देऊं नये आणि कोणाच्या सावलीस काय ठेवूं नये: त्यांची आपल्याकडे वाण नाहीं. दहाबारा तरी आम्हीं इंग्रजींत रचून सांगितल्या असतील. स्नेही मनापासून हंसले. मग त्यांनीं सहज विचारलें, "छान! आणि ते लोक उलट तुम्हांला काय म्हणतात?"

आम्ही विचार करूं लागलों. घर येईपर्यंत विचार करीत होतों. एकहि आठवेना. ते उलट काय म्हणतात, हें आम्हीं जन्मांत ऐकलेंच नव्हतें.

झांबियांत सारें आलबेल होतें, असा ग्रह वाचकांनीं करून घेऊं नये. तेथेंहि नोकऱ्यांवरून, मंत्रिपदांवरून, कोणाची भाषा वरचढ यावरून कुरबुरी असत, आणि त्या नेहमींच थट्टेनें मिटत नसत. ज्या केनेथ कौंडांनीं 'एक राष्ट्र' म्हणून आपलें आयुष्य वेंचलें, त्यांचे आईबाप मलावीहून आलेले म्हणून १९९९ सालीं तेथील न्यायालयानें त्यांना परकीय ठरविलें. सत्तावीस वर्षें ज्या देशाचे अध्यक्ष, त्याच देशाचे नागरिक नाहींत! ती बातमी आम्हीं सोनारीस ओट्यावर बसून वाचली आणि दिवसभर अन्न गोड लागलें नाहीं. आमच्यासारख्यांसाठींहि तेथें एकच नांव होतें: 'म्वेन्ये'. चिपाट्यांतले गुजराती दुकानदार म्वेन्ये, केरळचे ख्रिस्ती शिक्षक म्वेन्ये, आणि आम्हीहि म्वेन्ये. गुजराती शेटजींस आणि आम्हांस एकमेकांचा एक शब्द धड समजत नसे. पण बाजारांतील पोरें आम्हांस भाऊ भाऊ समजत.

आणखी एका गोष्टीचें आम्हांस तेथें फार नवल वाटे. जेत्यांची भाषा टिकते, असें आपण धरून चालतों. अंगोनी जेते, पण त्यांनीं केलेल्या बायका न्सेंगा आणि चेवा जमातींच्या, मुलें आयांजवळ वाढलीं, आणि दोनतीन पिढ्यांत जेत्यांची मूळ बोली युद्धगीतांपुरती उरली. आमचे स्नेही घरीं आईचीच भाषा बोलत. उलट पश्चिमेकडील लोझींवर १८४० च्या सुमारास कोलोलो नांवाच्या लोकांनीं राज्य बसविलें. १८६४ सालीं लोझींनीं उठून त्या राज्यकर्त्यांची कत्तल उडविली. आणि आज लोझी जी भाषा बोलतात ती त्या मारलेल्या कोलोलोंची! असें कां व्हावें याचा विचार करतांना आम्हांस आमचे वडील आठवत. निजामाचा अंमल त्यांनीं मनापासून द्वेषिला. १९४८ सालच्या सप्टेंबरांत तो संपला तेव्हां त्यांनीं गांवांत साखर वांटली. आणि तरी मरेपर्यंत ते हिशेब मनांतल्या मनांत करीत ते उर्दूंत. कां, तर शाळेंत तेवढीच एक भाषा छडीसकट शिकविलेली. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणाचें नांवच मीर उस्मान अली खानावरून उस्मानाबाद पडलें होतें. २०२३ सालीं तें सरकारी दप्तरीं पुन्हां धाराशिव झालें.

१९८७ सालीं आम्ही परतलों. ज्या वर्षीं आम्हीं देश सोडला त्याच वर्षीं दया पवारांचें 'बलुतं' प्रसिद्ध झालें होतें. मध्यंतरीं, १९८० सालीं, लक्ष्मण मान्यांचें 'उपरा' आलें. आणि आम्ही आलों त्या वर्षीं लक्ष्मण गायकवाडांचें 'उचल्या'. पहिलें महार घरांतलें, दुसरें कैकाडी, तिसरें उचल्या जमातींतलें. तीं आम्हीं ओळीनें वाचलीं. ते लोक उलट काय म्हणतात या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे आमच्या गैरहजेरींतच छापून येऊं लागलें होतें. पण पुस्तक वाचणें निराळें. पुस्तक मिटतां येतें.

असो. आमचे स्नेही सोनारीस आले तेव्हां गांवानें त्यांचें स्वागत आपल्या रीतीनें केलें. पोरें मागें लागलीं. एका म्हातारीनें त्यांस नीट न्याहाळून हात जोडले आणि म्हणाली, "आमच्या देवाच्या रंगाचा पाव्हणा आला बाई!" हें त्यांस भाषांतर करून सांगावें कीं नाहीं अशा विचारांत आम्ही पडलों. सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, "चाळीस वर्षांत तुमच्या देशाकडून मिळालेली ही सर्वांत चांगली पदवी."

दुसऱ्या दिवशीं त्यांस परंड्याचा किल्ला दाखविला. इतिहासाच्या शिक्षकास दाखविण्याजोगी आमच्या तालुक्यांत तीच एक वस्तु. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ सालीं महंमद बिन हसन रूमी नांवाच्या तुर्कानें अहमदनगरास ओतली, ती कांहीं काळ याच किल्ल्यांत होती. १६०० सालीं मोंगलांनीं अहमदनगर घेतलें आणि निजामशाही बुडाली असें सर्वांनीं धरलें. त्या वेळीं मलिक अंबरानें राजघराण्यांतील एका राजपुत्रास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविलें, आपली मुलगी त्यास दिली, आणि राजधानी केली ती परंड्यास. हा मलिक अंबर आफ्रिकेंतला. लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला. बगदादवरून हातोहात विकत विकत दक्षिणेंत आलेला. पुढें वीसेक वर्षें त्यानें जहांगीर बादशहास झोंप येऊं दिली नाहीं. भातवडीच्या रणांत १६२४ सालीं शहाजीराजे त्याच्याच बाजूनें लढले. आणि जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरविण्याची त्याची पद्धत मराठी मुलखाच्या पिढ्यान्पिढ्या स्मरणांत राहिली.

स्नेही बराच वेळ बुरुजावर उभे होते. शेवटीं त्यांनीं तोच आपला प्रश्न केला, "कोणत्या जमातीचा?"

"हबशी," आम्हीं सांगितलें.

"ती जमात नव्हे. तें तुम्हीं दिलेलें नांव. आम्ही नाहीं का तुम्हां सगळ्यांस म्वेन्ये म्हणत!"

त्यांचें खरें होतें. १६०० सालीं या किल्ल्यांतून राज्य चालविणाऱ्या मनुष्यास त्याच्या आईनें कोणत्या भाषेंत हांक मारली असेल, हें त्याच्या हाताखालच्या एकाहि मराठ्यानें, एकाहि दखनी मुसलमानानें टिपून ठेवलें नाहीं.

संध्याकाळीं आम्ही यात्रेंत हिंडलों. रथाच्या वाटेपासून दूर, गांवाच्या बाहेरच्या अंगास, जेथें दिव्यांचा उजेड पुरता पोंचत नाहीं, तेथें पालें पडलीं होतीं. स्नेह्यांची पावलें नेमकीं तिकडे वळलीं. "हे कोण?" आम्हीं सांगितलें, हे वडार, ते पलीकडे कैकाडी, त्या बायका तांड्यावरच्या लमाणी, आणि कडेला पारधी. "कोणती भाषा बोलतात?" आम्ही गप्प. लुवाले आणि लुंडा यांतला भेद ज्यानें पाठ केला होता, त्याला घरापासून पांच मिनिटांच्या वाटेवर माणसें काय बोलतात हें सत्तरी ओलांडली तरी ठाऊक नव्हतें. वडारांची बोली तेलुगूच्या जवळची, कैकाड्यांची तामिळच्या, लमाणांची राजस्थानी कुळांतली, पारध्यांची गुजरातीच्या वळणाची, हें सारें आम्हीं नंतर, लाजेनें, शोधून काढलें. एका भैरवनाथाच्या यात्रेंत हिंदुस्थानच्या चार दिशा उतरलेल्या असतात आणि आम्हीं त्या सर्वांस मिळून 'पालावरचे' म्हणत आलों.

तेथें जवळच एक लिंबाचें झाड आहे. त्या झाडाखालीं आल्यावर आम्हांस जी गोष्ट कुटुंबाखेरीज कोणास सांगितली नव्हती, ती स्नेह्यांस सांगितल्यावांचून राहवलें नाहीं. १९५७ सालची यात्रा. आम्ही नऊ वर्षांचे. आमच्या हातांतलें चांदीचें कडें नाहींसें झालें. गर्दींत काढलें असेल असें कोणी तरी म्हणालें, आणि अर्ध्या घटकेंत एका पारध्यास या लिंबास बांधलें. १८७१ सालचा कायदा, ज्यानें असे लोक जन्मतःच गुन्हेगार ठरविले, तो १९५२ सालीं रद्द झाला होता. आम्ही तर मूळचे निजामाच्या मुलखांतले. पण कायद्यांपेक्षां संवयीचे पाय लांब असतात. त्या माणसास मारलें. कडें निघालें नाहीं म्हणून आणखी मारलें. आम्ही वडिलांच्या धोतरास धरून उभे होतों. दोन दिवसांनीं कडें आमच्याच घरीं कणगीमागें सांपडलें. आम्हींच खेळतांना काढून ठेवलें होतें. आईनें तें मुकाट्यानें पेटींत घातलें. पाल तोंवर उठून गेलें होतें. त्याच्यामागें कोणी गेलें नाहीं. पुढें आम्हीं तें कडें कधीं हातांत घातलें नाहीं, आणि यापलीकडे आम्हीं कांहीं केलें, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.

स्नेही झाडाकडे पाहत होते. आमचें समाधान होईल असें कांहीं ते बोलतील अशी आमची अपेक्षा होती. म्हाताऱ्या माणसाची ती एक दुर्बलता. त्यांनीं एवढेंच विचारलें, "आणि तो उलट काय म्हणाला?"

तेव्हां आम्हांस आठवलें. तो म्हणाला होता. सोडल्यावर, जातांना, आमच्याकडे वळून, अगदीं हळू, कांहीं तरी म्हणाला होता, त्याच्या बोलींत. भोंवतीं शंभर माणसें होतीं. एकालाहि ती बोली येत नव्हती.

परततांना आमचें कुटुंब एका वडारणीच्या पुढ्यांत थांबलें. पाटे, वरवंटे, खलबत्ते मांडून ती बसली होती. आतां जात्याला टाकी लावून घेणारें घर दहांत एक उरलें नाहीं. खलबत्ते मात्र जात होते. घासाघीस झाली. मालाची मोजदाद ती मनाशीं आपल्या बोलींत करीत होती, तें ऐकून स्नेह्यांनीं आपल्या आईच्या बोलींत आंकडे म्हणून दाखविले. ती हंसली, पुन्हां म्हणावयास लावून पुन्हां हंसली. मग स्नेह्यांनीं आमच्याकरवीं विचारलें, "आम्हां गांववाल्यांना तुमच्या बोलींत कांहीं नांव असेल ना? चिडवायचं?"

ती चपापली. आधीं नाहीं म्हणाली. नंतर पदर सावरीत म्हणाली, "हाय की. पर त्ये सांगायचं नसतंय, अण्णा. तुमी वाड्यावरची मानसं."

"आम्ही रागावणार नाहीं," आम्हीं म्हटलें.

"राग आत्ता न्हाई येत," ती म्हणाली, "मागनं येतो." आणि तिनें वरवंटा कापडांत गुंडाळून कुटुंबाच्या हातीं दिला.

स्नेही चिपाट्यास परतले. तेथून त्यांचीं पत्रें येत. प्रकृतीची हकीकत, नातवाची हकीकत, आणि शेवटीं न चुकतां एक ओळ: तिनें नांव सांगितलें का? २०२० सालीं सांथीमुळें यात्रा भरली नाहीं. त्यानंतरच्या सालींहि नाहीं. २०२२ च्या चैत्रांत पुन्हां पालें पडलीं. वडारण तीच होती. माल निम्मा, आणि केंस पिकलेले. आम्हीं पुढें होऊन विचारूं लागलों, तों कुटुंबानें आम्हांस हातानें मागें सारलें, चपला काढल्या, आणि तिच्या गोणपाटावर तिच्या शेजारीं जाऊन बसलें. दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या. सुना, गुडघे, दगड कोठून आणतात, वाहनास किती पडतात. आम्ही उभेच. शेवटीं वडारणीनें आमच्याकडे एकवार पाहिलें, कुटुंबाच्या कानाशीं तोंड नेलें, आणि दोघीहि अशा हंसल्या कीं पलीकडच्या पालांतून पोरें धांवत आलीं.

वाटेंत आम्हीं विचारलें. "सांगेन," कुटुंब म्हणालें, "पण अजून तुमची तयारी झालेली दिसत नाहीं. परवा शेजारच्याची बैलगाडी दारांत लागली तर केवढे तापलां होतां!"

त्यानें तें नांव चिपाट्यास मात्र कळविलें. पत्र स्वतःच्या हातानें लिहिलें आणि पाकीट आमच्यासमोर चिकटविलें. दीड महिन्यानें उत्तर आलें. स्नेह्यांनीं लिहिलें होतें कीं, पत्र वाचून खोकला लागेपर्यंत हंसलों. शेजारच्या बेम्बासहि वाचून दाखविलें. आणि आम्हां दोघांचेंहि मत असें पडलें कीं, नांव अगदीं बरोबर बसतें.